टक्क्यांमागे पैसा किती? राज्य सिनेटच्या निवडणुकीवरील प्रेडिक्शन मार्केटचे परीक्षण

‘अमुक उमेदवार निवडून येण्याची शक्यता ६२ टक्के’ अशा थाटाचे जे आकडे अमेरिकेतील निवडणुकांच्या बातम्यांत हल्ली दिसतात, त्यांतले पुष्कळसे प्रेडिक्शन मार्केट म्हणवल्या जाणाऱ्या पैजेच्या बाजारांतून आलेले असतात. अध्यक्षपदाच्या निवडणुकीवर चालणाऱ्या बाजाराबद्दल आतापर्यंत भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून या परीक्षणात मी तो बाजूला ठेवते. त्याच संकेतस्थळांवर यादी चाळत बरेच खाली गेले की एखाद्या राज्याच्या सिनेटमधील एका जागेचा प्रश्न अधूनमधून सापडतो : अमुक क्रमांकाच्या मतदारसंघात डेमोक्रॅट निवडून येईल की रिपब्लिकन? हा खालच्या यादीतला माल वापरणाऱ्याला नेमके काय देतो, एवढेच मला येथे पाहायचे आहे.

माझे मत आधीच सांगते. भाव वाचण्यासाठी ही सेवा मर्यादित अर्थाने उपयोगी आहे, शिकवण्यासाठी तिची बिनपैशाची आवृत्ती उत्तम आहे, आणि पैसे लावण्याचा विचार मराठी वाचकाने करूच नये. मी नांदेडच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. कल्शी, पॉलीमार्केट आणि प्रेडिक्टइट या खऱ्या पैशांच्या बाजारांची पाने मी केवळ भाव वाचण्यासाठी उघडते आणि तेथे मी एकही डॉलर लावलेला नाही. खेळातल्या पैशांवर चालणारे मॅनिफोल्ड मात्र मी स्वतः वापरते आणि वर्गातही वापरते.

प्रथम ज्या जागेवर पैज लागते ती जागा कोणती, हे पाहू. राज्य सिनेट हे अमेरिकेतील राज्याच्या विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह होय. आपल्याकडे विधान परिषदेत आमदार, स्थानिक स्वराज्य संस्था, पदवीधर, शिक्षक आणि राज्यपाल यांच्यामार्फत सदस्य येतात. तिकडे राज्य सिनेटर थेट मतदारांकडून निवडला जातो. मतदारसंघांचे आकार मात्र फार विषम आहेत. आयोवाच्या सिनेटमध्ये ५० जागा आहेत आणि २०२० च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सुमारे ३२ लाख असल्याने एका जागेमागे साधारण ६४ हजार माणसे येतात, म्हणजे आपल्या हिंगोली शहराहूनही कमी. टेक्सासमध्ये याउलट ३१ जागाच असल्याने एका सिनेटरमागे नऊ लाखांहून अधिक लोक असतात. ‘राज्य सिनेटचा बाजार’ या एकाच शीर्षकाखाली एका बाजूला शहराएवढी आणि दुसऱ्या बाजूला जिल्ह्याएवढी निवडणूक येते, हे यादी चाळताना सहज विसरले जाते.

बाजाराची रचना तशी साधी आहे. प्रश्नाचे उत्तर ‘होय’ ठरले तर ‘होय’च्या एका करारामागे एक डॉलर मिळतो आणि ‘नाही’ ठरले तर काहीच मिळत नाही. त्यामुळे करार ६२ सेंटला विकला जात असेल तर बाजाराच्या मते ‘होय’ची शक्यता सुमारे ६२ टक्के आहे, असा अर्थ काढला जातो. निकाल लागेपर्यंत करार हवा तेव्हा घेता किंवा विकता येतो. गावोगावी निवडणुकीच्या काळात फलोदीच्या सट्टा बाजाराचे जे भाव कानावर येतात, त्यांच्याहून ही व्यवस्था एका बाबतीत निश्चितच उजवी आहे. सट्ट्याचा भाव बुकी ठरवतो, तो फोनवरून तोंडी फिरतो, आणि त्यात बुकीचा नफा किती दडलेला आहे हे ऐकणाऱ्याला कळण्याची सोय नसते. येथे प्रत्येक मागणी, प्रत्येक देऊ केलेला भाव आणि झालेला प्रत्येक सौदा पडद्यावर दिसतो.

दिसतो खरा, परंतु तो पाहण्यासाठी एक पायरी खाली उतरावे लागते, आणि बहुतेक वाचक तेथवर जात नाहीत. पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत टक्केवारी असते; खरेदीदार आणि विक्रेते यांनी मांडलेल्या भावांची वही तिच्या खाली, बहुधा एखाद्या बटणामागे, असते. समजा, त्या वहीत ‘होय’ घ्यायला कोणी तरी ४८ सेंट द्यायला तयार आहे आणि विकायला कोणी तरी ६३ सेंटला तयार आहे. या दोहोंच्या मध्ये कोणीच नाही. मग शक्यता किती म्हणायची? मधला आकडा काढला तर साडेपंचावन्न येतो. पण त्या भावात घ्यायलाही कोणी नाही आणि विकायलाही कोणी नाही. पॉलीमार्केटची पद्धत अशी आहे की दोन भावांतील अंतर दहा सेंटपर्यंत असेल तर मधला आकडा दाखवायचा, आणि त्याहून जास्त असेल तर शेवटच्या सौद्याचा भाव दाखवायचा. मोठ्या निवडणुकीत या नियमाने काही बिघडत नाही, कारण तेथे अंतर एखाद्या सेंटचे असते आणि शेवटचा सौदा काही सेकंदांपूर्वीचा असतो. राज्य सिनेटच्या जागेवर मात्र शेवटचा सौदा कालचा किंवा परवाचा असू शकतो, तोही मोजक्या डॉलरांचा, आणि तरीही पडद्यावर तो अध्यक्षपदाच्या टक्केवारीइतक्याच ठळक अक्षरांत उभा असतो.

मोंढ्यात ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांना यातली मेख चटकन कळेल. सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या बाजार समितीत हजारो क्विंटलची आवक असते, तेव्हा फळ्यावर निघालेला भाव हा खरोखर बाजाराचा भाव असतो; ज्या मालाची दोन-चार पोतीच आली, त्याचाही भाव त्याच फळ्यावर लिहिला जातो, पण त्यावर विसंबून कोणी शंभर क्विंटल माल गाडीत भरत नाही. बाजार समितीच्या तक्त्याची शिस्त मला येथे या संकेतस्थळांपेक्षा चांगली वाटते, कारण त्यात भावाशेजारी आवकेचा रकाना असतोच असतो.

२०२४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या मुख्य प्रश्नावर पॉलीमार्केटवर साडेतीन अब्ज डॉलरांहून अधिक उलाढाल झाली. एवढ्या पैशांच्या बाजारातही एका फ्रेंच व्यापाऱ्याने ट्रम्प यांच्या बाजूने कोट्यवधी डॉलर लावले, तेव्हा भाव त्याच्यामुळे वाढला की माहितीमुळे, यावर आठवडेच्या आठवडे वाद झाला. त्याआधी २०१२ मध्ये इंट्रेड नावाच्या आयर्लंडमधील बाजारात रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांच्या बाजूने सतत खरेदी करणाऱ्या एकाच खात्याचे सुमारे चाळीस लाख डॉलर बुडाल्याचे नंतर अभ्यासकांनी दाखवून दिले. त्या खात्यामुळे भाव बराच काळ कृत्रिमरीत्या वर राहिला होता, असा त्यांचा कयास होता. अध्यक्षपदाचा भाव हलवायला लाखो डॉलर लागत असतील, तर राज्य सिनेटच्या एखाद्या जागेचा भाव काहीशे डॉलरांत हलू शकतो. उमेदवाराच्या एखाद्या उत्साही समर्थकाने तेवढे पैसे टाकून ‘बाजार आमच्या बाजूने झुकला’ असे चित्र काढून पसरवणे ही जाहिरातीपेक्षा स्वस्त युक्ती ठरेल. असे प्रत्येक ठिकाणी घडते असा माझा दावा नाही. ते घडले तर ओळखायचे कसे, याची कोणतीही सोय पानाच्या माथ्यावरच्या आकड्यात नाही, एवढाच माझा आक्षेप आहे.

दुसरी अडचण माहितीची आहे, आणि माझ्या दृष्टीने ती पैशांच्या अडचणीहून मोठी आहे. बाजाराचा भाव चांगला का असतो, तर निरनिराळ्या लोकांकडे असलेली निरनिराळी माहिती त्यात एकत्र होते म्हणून. अध्यक्षपदासाठी शेकडो जनमत चाचण्या होतात. राज्य सिनेटच्या जागेसाठी बहुधा एकही सार्वजनिक चाचणी नसते. मग भाव लावणारे कशावर लावतात? बरेचदा मागच्या अध्यक्षीय निवडणुकीत त्या मतदारसंघात कोणत्या पक्षाला किती आघाडी होती, एवढ्यावरच. पोटनिवडणुकीत हा आधार किती कच्चा ठरतो, याची उदाहरणे अलीकडचीच आहेत. आयोवाच्या ३५ व्या सिनेट मतदारसंघात ट्रम्प यांना २०२४ मध्ये सुमारे २१ टक्क्यांची आघाडी होती. २८ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या पोटनिवडणुकीत तेथे डेमोक्रॅट उमेदवार माइक झिमर सुमारे चार टक्क्यांनी निवडून आले. त्याच वर्षी मार्चमध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या ३६ व्या मतदारसंघात, म्हणजे लँकेस्टर कौंटीतील रिपब्लिकनांच्या जुन्या गडात, जेम्स मलोन एक टक्क्याहूनही कमी फरकाने जिंकले. तेथे ट्रम्प यांची आघाडी सुमारे १५ टक्क्यांची होती. टेक्सासच्या नवव्या मतदारसंघात, फोर्ट वर्थच्या परिसरात, ट्रम्प १७ टक्क्यांनी पुढे होते आणि ३१ जानेवारी २०२६ च्या दुसऱ्या फेरीत डेमोक्रॅट टेलर रेह्मेट सुमारे १४ टक्क्यांनी जिंकले.

या तिन्हींत टेक्सासची निवडणूक वेगळी काढली पाहिजे. तेथे नोव्हेंबर २०२५ मध्ये पहिली फेरी झाली होती, तीत रेह्मेट निम्म्या मतांपर्यंत पोचले नव्हते तरी सर्वांत पुढे होते, आणि दुसऱ्या फेरीवर लावणाऱ्याला त्याच मतदारांचा ताजा कौल समोर होता. आयोवा आणि पेन्सिल्व्हेनियात असा कोणताही आधार नव्हता. एकाच प्रकारच्या निवडणुकीत एका प्रश्नामागे ठोस माहिती आहे आणि दुसऱ्यामागे केवळ जुनी आकडेवारी आहे, हा फरक ६० टक्के आणि ६० टक्के अशा दोन सारख्या आकड्यांतून दिसत नाही.

आमच्या नांदेडकरांना यासाठी अमेरिकेत जाण्याचीही गरज नाही. २० नोव्हेंबर २०२४ रोजी येथे लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभेची निवडणूक एकाच दिवशी, त्याच केंद्रांवर, त्याच मतदारांनी केली. लोकसभा मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या, आणि लोकसभेची जागा मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांनी १,४५७ मतांनी जिंकली. सहा जागांचा कल माहीत असलेल्या एखाद्या हुशार माणसाने आदल्या रात्री लोकसभेच्या जागेवर काय भाव लावला असता? ८० टक्के महायुती म्हणाला असता तरी त्याला अडाणी म्हणता आले नसते. आणि लाखो मतांमध्ये दीड हजारांचा फरक असताना ‘८० टक्के चूक ठरले’ असे म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. एका निकालावरून एका भाकिताची परीक्षा करता येत नाही. तशी अनेक भाकिते घेऊन त्यांतली ८० टक्केवाली खरोखर दहापैकी आठ वेळा खरी ठरतात का, हे पाहावे लागते. राज्य सिनेटच्या बाजारांच्या बाबतीत अशी परीक्षा अवघडच आहे, कारण प्रश्न थोडे असतात आणि प्रत्येकामागचा पैसा वेगवेगळा असतो.

आता नियमांकडे वळते. या सेवेचा वापर करणाऱ्याने, निदान गंभीरपणे वाचणाऱ्याने, टक्केवारीच्या आधी नियमांचा परिच्छेद वाचावा असा माझा आग्रह आहे. प्रश्न उमेदवारावर आहे की पक्षावर? उमेदवाराने माघार घेतली तर काय? निकाल म्हणजे वृत्तसंस्थेने केलेली घोषणा, की राज्याने दिलेले प्रमाणपत्र, की शपथविधी? छोट्या निवडणुकीत हे प्रश्न पुस्तकी राहत नाहीत. न्यूयॉर्क राज्याच्या ५० व्या सिनेट मतदारसंघाचा २०२२ चा निकाल फेरमोजणीनंतर अवघ्या १० मतांनी लागला. व्हर्जिनियाच्या कनिष्ठ सभागृहातील ९४ व्या जागेवर २०१७ मध्ये दोन्ही उमेदवारांना प्रत्येकी ११,६०८ मते पडली, आणि ४ जानेवारी २०१८ रोजी एका भांड्यातून चिठ्ठी काढून निकाल ठरवला गेला. त्या चिठ्ठीवर सभागृहातील बहुमतही अवलंबून होते. समान मते पडल्यास चिठ्ठी टाकण्याची तरतूद आपल्या लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६५ मध्येही आहे, त्यामुळे आपल्याला त्यात नवल वाटायचे कारण नाही. पण अशा जागेवर ज्याने ९५ सेंटला करार घेतला असेल, त्याच्या पाच सेंटच्या नफ्यामागे केवढी जोखीम होती हे त्याला चिठ्ठी निघेपर्यंत कळणार नाही.

निकाल कोण ठरवतो, यातही सेवांमध्ये फरक आहे. कल्शी हा अमेरिकेच्या कमोडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशनकडे, म्हणजे तेथील वायदेबाजारांवर देखरेख करणाऱ्या आयोगाकडे, नोंदलेला बाजार असून तो आधी जाहीर केलेल्या स्रोतांवरून स्वतः निकाल ठरवतो. पॉलीमार्केटवर एखादा वापरकर्ता अनामत ठेवून निकाल सुचवतो, कोणी हरकत घेतली तर वाद वाढत जातो आणि शेवटी उमा नावाच्या क्रिप्टो टोकनच्या धारकांच्या मतदानाने तो सुटतो. २०२४ च्या व्हेनेझुएलाच्या निवडणुकीत तेथील निवडणूक मंडळाने मादुरो यांना विजयी घोषित केले असताना या पद्धतीने निकाल विरोधी उमेदवार गोन्सालेस यांच्या बाजूने लागला. २०२५ मध्ये झेलेन्स्की यांनी सूट घातला की नाही, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नावर वीस कोटी डॉलरांहून अधिक उलाढाल झाली आणि अनेक वृत्तपत्रांनी ‘सूट’ म्हटलेल्या पोशाखानंतरही उत्तर ‘नाही’ असे ठरले. राज्य सिनेटच्या शंभरातल्या नव्वद निवडणुकांत असा वाद होणार नाही. उरलेल्यांत मात्र पैसा कोणाच्या शब्दावर अडकणार, हे आधी ठाऊक असलेले बरे.

खर्चाबद्दल थोडक्यात. कल्शीचे मूळ शुल्क भावानुसार बदलते : करारांची संख्या, भाव आणि (१ वजा भाव) यांच्या गुणाकाराच्या सात टक्के. ५० सेंटच्या शंभर करारांवर ते १ डॉलर ७५ सेंट होते. प्रेडिक्टइटने अनेक वर्षे नफ्यावर १० टक्के आणि पैसे काढताना ५ टक्के घेतले. ९० सेंटला घेतलेला करार जिंकून पैसे काढले की हाती साधारण ९४ सेंट उरत, म्हणजे दहा सेंटचा नफा चारवर येई. याच कारणाने अशा बाजारांत अगदी खात्रीच्या उमेदवाराचा भावही ९७-९८ पर्यंत न चढता खाली रेंगाळतो, आणि ज्याची काहीच आशा नाही त्याचा भाव तीन-चार सेंटवर टिकून राहतो. वाचकाने टोकांचे आकडे थोडे आणखी टोकाकडे सरकवून वाचावेत.

या बाजारांवर शेतमालाच्या वायद्यांचा नियामक का, असे कोणी विचारील. निवडणुकीचा करार कायद्याच्या दृष्टीने वायद्यासारखाच एक करार मानला जातो म्हणून. आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये सुरू केलेल्या आयोवा इलेक्ट्रॉनिक मार्केट्सला याच आयोगाने संशोधनासाठी ५०० डॉलरांच्या मर्यादेत चालू राहू दिले, प्रेडिक्टइटला २०१४ मध्ये न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या नावे ८५० डॉलरांच्या मर्यादेत परवानगी दिली, पॉलीमार्केटला जानेवारी २०२२ मध्ये १४ लाख डॉलरांचा दंड केला, आणि कल्शीला २०२३ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तेथील संसदेत, बहुमत कोणाचे यावरील करार नाकारले. कल्शी न्यायालयात गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये जिंकली, आणि मे २०२५ मध्ये आयोगाने आपले अपील मागे घेतले. गंमत अशी की अमेरिकेत १९५८ च्या कायद्याने कांद्याच्या वायद्यावर घातलेली बंदी आजही कायम आहे. आपल्याकडे २०२१ मध्ये सेबीने सोयाबीन आणि हरभऱ्याचे वायदे स्थगित केले, त्याबद्दल मराठवाड्यातील शेतकरी आणि आडते यांची मते काहीही असोत. तिकडे निवडणुकीचा वायदा चालू आणि कांद्याचा बंद, ही स्थिती त्यांना विचार करायला लावील.

भारतातील वाचकासाठी कायदेशीर बाजू अशी आहे. ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन करणाऱ्या २०२५ च्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैसे मिळवण्याच्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, या कायद्याने मनाई केली. अशी सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे; खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. दहा रुपयांपर्यंतच्या ‘होय-नाही’ करारांवर चालणारे गुरुग्रामचे प्रोबो हे याच धर्तीचे भारतीय ॲप होते, त्याने त्याच महिन्यात पैशांचे व्यवहार बंद केले. शिवाय लॉटरी, स्वीपस्टेक्स आणि फुटबॉल पूल यांसाठी परदेशी पैसे पाठवण्यास परकीय चलनविषयक नियमांनी २००० पासूनच मनाई आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही याचा अर्थ ‘चालते’ असा काढून क्रिप्टोच्या आडवाटेने खाते उघडून देणारे मध्यस्थ भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे. पैसे अडकले तर तक्रार कोणाकडे करायची, याचे उत्तर त्यांच्याकडेही नसते.

उरते ती खेळातल्या पैशांची सेवा. मॅनिफोल्डवर कोणीही प्रश्न मांडू शकतो आणि ‘माना’ नावाच्या खेळातल्या चलनात त्यावर बोली लावू शकतो. सुरुवातीला काही माना फुकट मिळतात आणि माझे व विद्यार्थ्यांचे काम तेवढ्यावर भागते. समोर विक्रेता नसला तरी येथे सौदा होतो, कारण एक सूत्र भाव आपोआप ठरवते. त्यामुळे वही रिकामी राहत नाही, पण ज्या प्रश्नात मांडणाऱ्याने कमी माना घातले आहेत तेथे लहानशा बोलीनेही भाव मोठी उडी घेतो. निकाल सामान्यतः प्रश्न मांडणाराच ठरवतो, म्हणून प्रश्न कोणी मांडला आहे हे पाहूनच त्यात शिरावे. खरा पैसा नसल्यावर लोक मनापासून विचार करतील का, ही शंका रास्त आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांवरील एका तुलनेत खेळातल्या पैशांचा बाजार अचूकतेत खऱ्या पैशांच्या बाजाराच्या बरोबरीने उतरला होता. सामन्यांना निकाल लवकर आणि प्रेक्षक भरपूर असतात, राज्य सिनेटला यांतले दुसरे नाही, तेव्हा तो निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू करता येणार नाही.

वर्गात मी हे असे वापरते. विद्यार्थ्याने बाजाराचा भाव पाहण्याआधी आपली शक्यता कागदावर लिहायची, मग भाव पाहून हवी तर बदलायची, आणि निकालानंतर ब्रायर गुण काढायचा. ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये मांडलेली ही रीत सोपी आहे : घटना घडली तर १, नाही तर ०, त्यातून आपली शक्यता वजा करून वर्ग करायचा, आकडा जितका लहान तितके चांगले. ८० टक्के सांगून घटना घडली नाही तर गुण ०.६४ येतो, ६० टक्के सांगून घडली नाही तर ०.३६. फाजील आत्मविश्वासाची किंमत मुलांना या दोन आकड्यांतून जेवढी कळते तेवढी माझ्या तासाभराच्या व्याख्यानातून कळत नाही. ‘मॅडम, महापालिकेच्या आपल्या वॉर्डाचा प्रश्न टाकू का?’ असे दर वर्षी कोणी तरी विचारतेच, आणि मी नाही म्हणते. वॉर्डाच्या निवडणुकीत मुलांचे काका, मामा आणि गल्लीतले भाऊ उभे असतात, जात आणि पक्ष दोन्ही वर्गात येऊन बसतात, आणि कागदावर लिहिलेली शक्यता ही शक्यता न राहता निष्ठा होते. आयोवातल्या एखाद्या सिनेट जागेवर नांदेडच्या मुलाला काहीही मिळवायचे नसते आणि गमवायचेही नसते; या एका कारणासाठी राज्य सिनेटचा प्रश्न मला अभ्यासक्रमाला फार सोयीचा वाटतो.

गुण द्यायचेच तर राज्य सिनेटच्या जागांसाठी खऱ्या पैशांच्या बाजारांना मी पाचपैकी दोन देईन, आणि वर्गासाठी मॅनिफोल्डला चार. टक्केवारीच्या शेजारी घेणाऱ्या-विकणाऱ्या भावांतील अंतर, शेवटच्या सौद्याची वेळ आणि भाव पाच सेंटने हलवायला किती पैसे लागतील हा आकडा त्याच ठळक अक्षरांत दाखवला, तर दोनाचे तीन करायला माझी हरकत नाही. हे तिन्ही आकडे त्यांच्याकडे असतातच.

अमेरिकेतील बऱ्याच राज्यांच्या सिनेट निवडणुका ३ नोव्हेंबर २०२६ रोजी आहेत. ज्यांना नुसते भाव पाहायचे आहेत त्यांनी एकट्या जागेपेक्षा ‘अमुक राज्याच्या सिनेटमध्ये बहुमत कोणाचे’ हा प्रश्न उघडावा, कारण तेथे सहसा पैसा आणि माहिती दोन्ही अधिक असतात. मतमोजणी आपल्याकडे ४ तारखेच्या पहाटे सुरू झालेली असेल. त्या वेळी कौंटीच्या निवडणूक कार्यालयाचे निकालाचे पान शेजारी उघडे ठेवावे. काही ठिकाणी टपाली मते आधी मोजून जाहीर होतात आणि काही ठिकाणी ती मागून येतात. टपाली मतांत हल्ली डेमोक्रॅटांचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे पहिल्या गठ्ठ्याबरोबर छोट्या बाजारातला भाव ३० वरून ७० वर जातो आणि दोन तासांत परत येतो, आणि त्यात नवे काहीच घडलेले नसते.